चौथ्या मजल्यावरचा धूर

आदरणीय वहिनी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. टेबलाखाली गेलेलं पेनाचं टोपण शोधत असताना हे पत्र लिहायचं मनात आलं, त्यामुळे नमस्कार आयताच घडला.) तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? ऑपरेशननंतर त्या जिना चढू लागल्या असतील, तर त्यांना उतरतानाही कठडा धरायला सांगा. जिने हा माझा विषय असल्यामुळे हे अधिकाराने लिहितो आहे. तुमची तब्येत विचारत नाही, कारण "मला काय धाड भरलीय" हेच उत्तर येणार. मी बरा आहे. दादाही बरा आहे. जेवतो, झोपतो, पोटही थोडं सुटलंय. फक्त तो माझ्याशी बोलत नाही.

हे तुम्हाला त्याच्याकडून कळलं नसणार याची मला खात्री आहे. तुम्ही आईंकडे गेल्यापासून फोनवर तो तुम्हाला "सगळं छान" असं सांगतो, आणि तो ते ज्या आवाजात सांगतो तो आवाज ऐकून कुठल्याही परक्या माणसाने पोलिसांना बोलावलं असतं. तेव्हा दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सगळं सांगतो. फोन करत नाही, कारण फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही "भावजी, आधी मला सांगा, सुरुवात कोणी केली?" असं विचारता, आणि मग सुरुवात मीच केली असावी असं मला वाटायला लागतं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. पत्राचा हा फार मोठा गुण आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, निदान "धुराचं काहीतरी" इतकं तरी. (तुमच्या धाकट्या बहिणीने एकदा मला त्यांच्या स्वयंपाकघरातली चिमणी दुरुस्त करायला बोलावलं होतं. मी गेलो होतो. दुरुस्त झाली नाही.) इमारतीला आग लागली तर धूर कुठल्या जिन्याने किती वेगाने वर चढेल, कुठलं दार त्याला अडवेल, हे मी संगणकावर काढतो. आगीने माणसं मरतात त्याहून जास्त धुराने मरतात, आणि धूर कोणाला विचारून वर येत नाही. सध्या आमच्याकडच्या मोठ्या रुग्णालयाची नवी इमारत आखली जाते आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर बाळंतिणी आणि त्यांची नुकती जन्मलेली बाळं राहणार आहेत, म्हणजे ज्यांना "पळा" म्हणून सांगता येत नाही अशी माणसं. आराखडा करणाऱ्या आर्किटेक्टबाईंना माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं. तळघरात आग लागली तर धूर चौथ्या मजल्यावर पोचतो की नाही? पोचत असेल तर जिन्यात आणखी एक धूर अडवणारं दार घालायचं. पाया खणून झाला होता, भिंती चढायच्या होत्या, आणि माझा विभागातला जुना संगणक एका जिन्याचा हिशेब करायलाच कित्येक आठवडे घेत होता. बाई रोज फोन करत आणि फार सभ्यपणे विचारत, "धूर कुठवर आलाय?" मी सांगायचो, "पहिल्या मजल्यावर."

अशातच दादाच्या संस्थेची जाहिरात आली. त्यांचा नवा महासंगणक तयार होत होता, म्हणजे अजून कच्चा नमुना, विकायला काढलेला नव्हे. त्यावर आपलं काम चालवून यंत्राची परीक्षा घ्यायला तयार असलेल्या संशोधकांकडून अर्ज मागवले होते. आता हे यंत्र म्हणजे दादाचं काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो तुम्हाला जेवायला घेऊन गेला होता आणि जेवता जेवता टेबलावरच्या मिठाच्या डब्या यंत्राच्या कपाटांसारख्या मांडून बसला होता, ही हकिकत तुम्हीच मला सांगितली आहे. (तुम्ही हसत सांगितली होती, पण फार नाही.) दादाच्या यंत्रापासून चार हात दूर राहणं शहाणपणाचं होतं. पण मला बाळंतिणी दिसत होत्या, आणि खरं सांगायचं तर ते यंत्रही दिसत होतं. मी अर्ज भरला.

अर्जात विचारलं होतं, "आपला प्रोग्राम यापूर्वी कोठे व कसा बंद पडला आहे?" मी त्याला पुरवणी जोडली. पुढे होतं, "संस्थेत आपले कोणी नातेवाईक आहेत काय?" मी लिहिलं, "होय, वडील बंधू, यंत्राचे मुख्य रचनाकार." त्याखाली "नात्याचे स्वरूप" असा एक रकाना होता. त्यांना तिथे सख्खे, चुलत, मावस असलं काहीतरी अपेक्षित असणार, हे मला आता कळतं. मी तिथे "ताणलेले" असं लिहिलं.

मला वाटलं, अर्ज केराच्या टोपलीत जाणार. पण मुलाखतीला बोलावणं आलं. समितीत तिघं होते, पण बोलत होत्या फक्त अध्यक्षबाई. त्या चष्म्याच्या वरून बघतात, आणि त्यांनी बघितलं की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्याला उगीचच वाटतं. त्यांनी माझी पुरवणी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या यंत्रात खोट सापडली तर तुम्ही सांगाल का?" मी म्हणालो, "बाई, आमची आई म्हणायची, मी बोलायला शिकलो तोच याची चुगली करायला." तिघंही हसले. एकाने ते लिहूनही घेतलं. मला प्रवेश मिळाला. माझ्या संशोधनाच्या जोरावर मिळाला असं मी सगळ्यांना सांगतो, पण मंजुरीच्या कागदावर कारण म्हणून "प्रोग्राम वारंवार बंद पडतो; उमेदवार भाऊ आहे" एवढंच होतं.

दादाला हे यादी लागल्यावर कळलं. तो तडक माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "घरातल्या वस्तू तोडून संपल्या का तुझ्या?" मी त्याला आत बोलावलं, चहा टाकला. चहा होईपर्यंत तो खोलीभर येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चालव. पण नीट चालव." याला मी तेव्हा आशीर्वाद समजलो.

तो यंत्राचा हॉल तुम्ही पाहिलेला नाही ना? बर्फासारखा गार, आणि पंख्यांचा इतका आवाज की सगळ्यांनी कानांवर मोठी गोल झाकणं घालायची. एका ओळीत माणसाहून उंच काळी कपाटं. दादा त्या ओळीतून चालत जातो आणि जाता जाता प्रत्येक कपाटाच्या दाराला तळहात लावतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. आपण असं करतो हे त्याला माहीतच नाही. मी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि, वहिनी, मला जरा कसंसंच झालं. त्याने माझ्या कपाळाला असा हात कधी लावल्याचं मला आठवत नाही. (लावला असेल. मी तापात असेन.)

पहिल्या दिवशी सकाळी मी माझी अख्खी इमारत त्यावर चढवली. वहिनी, जेवायच्या सुट्टीच्या आत सगळा हिशेब हातात! मी आनंदाने उडी मारली आणि कूलिंगच्या इंजिनिअरच्या पायावर उतरलो. (त्याला सगळे गारठा म्हणतात. चांगला माणूस आहे, नंतर लंगडत होता.) उत्तर स्पष्ट होतं. धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. चौथा मजला सुरक्षित. मी आर्किटेक्टबाईंना फोन करायला निघालो होतो, पण मनात म्हटलं, चांगली सवय म्हणून तेच काम दुपारी पुन्हा एकदा चालवू. तेच आकडे, तेच जिने, तीच आग. दुपारच्या उत्तरात धूर चौथ्या मजल्यावर गेला.

अर्थात पहिला संशय माझ्यावरच. माझा प्रोग्राम कसा आहे हे मला ठाऊक आहे, त्याची पुरवणी मीच भरली होती. पुढचे दिवस मी तो ओळ न् ओळ तपासला. इमारतीचा एक छोटा तुकडा विभागातल्या जुन्या संगणकावर पुन्हा पुन्हा चालवला. तो म्हातारा रडतखडत का होईना, दर वेळी तेच उत्तर द्यायचा. मग मी दादाला जाऊन सांगितलं की यंत्र सकाळी एक बोलतं आणि दुपारी दुसरं. मी हे हॉलमध्ये सांगितलं, ही माझी चूक. दोघांच्याही कानांवर झाकणं, त्यामुळे आम्ही भांडलो तेही बोंबलून आणि अर्धंमुर्धं ऐकून. तो सांगत होता की हजारो प्रोसेसर बेरजा वेगवेगळ्या क्रमाने करतात, तेव्हा शेवटच्या दशांशात फरक पडणारच, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी ओरडलो, "फरक दशांशात नाही रे, चौथ्या मजल्यावर आहे!" त्याला ऐकू आलं, "चौथ्यांदा सांगतोय," आणि तो म्हणाला, "मग पाचव्यांदा नको सांगूस." गारठा मध्ये उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, आम्ही मिळकतीवरून भांडतोय.

इथपर्यंत हे घरगुती होतं. पण यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. ते विकत घेऊ पाहणाऱ्या संस्थांचे पाहुणे येणार होते, आणि मोठ्या पडद्यावर दाखवायला समितीने काय निवडलं असेल? माझा धूर. बाकीच्या संशोधकांचे आकड्यांचे तक्ते होते. माझ्याकडे जिने होते, दारं होती, हळूहळू वर चढणारा करडा धूर होता. पाहुण्यांना समजेल असं दुसऱ्या कोणाकडे काही नव्हतं. आर्किटेक्टबाईंनाही निमंत्रण गेलं. त्या मला फोनवर म्हणाल्या, "बरं झालं, त्याच दिवशी उत्तर घेऊन जाते. ठेकेदार थांबलाय." मी "हो हो" म्हणालो. वहिनी, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मी "हो हो" म्हणत होतो.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दुपारी माझी हक्काची वेळ होती. ती मी अख्ख्या यंत्रावर न घालवता एकेका कपाटावर घालवली. एक छोटा जिना, सगळीकडे तोच, आणि बेरजांचा क्रमही बांधून दिलेला, म्हणजे दशांशाची सबब नको. थंड असताना सगळ्या कपाटांची उत्तरं अक्षराला अक्षर जुळली. मग त्यांना बराच वेळ राबवून तापवलं आणि पुन्हा तोच जिना दिला. सगळी जुळली, सातवं सोडून. सातवं कपाट तापलं की चुकत होतं. आणि चुकतं तर चुकतं, बंद पडत नव्हतं, लाल दिवा लावत नव्हतं, कुरकुर करत नव्हतं. अगदी आत्मविश्वासाने खोटं बोलत होतं. माझा प्रोग्राम चुकला की निदान धाडकन आपटतो तरी. याने काहीही झालं नसल्यासारखं चेहऱ्यावर काही न दाखवता बाळंतिणींच्या वॉर्डचं खोटं उत्तर काढून ठेवलं होतं.

नियमाप्रमाणे हे थेट अध्यक्षबाईंना कळवायचं. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो, हात वर केला आणि तसाच खाली घेतला. दादाला आधी कळायला हवं होतं. तो प्रात्यक्षिकाच्या खोलीत खुर्च्या मांडत होता. मुख्य रचनाकार, पण खुर्च्या दुसऱ्याने मांडलेल्या चालत नाहीत. मी त्याला हॉलमध्ये नेलं आणि दोन उत्तरं समोर ठेवली. त्याने पाहिली. कानांवरचं झाकण काढलं, त्या आवाजात, आणि म्हणाला, "पुन्हा चालव." मी पुन्हा चालवलं. कपाट तापेपर्यंत तो सातव्याच्या दाराला हात लावून उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. उत्तर आलं. तेच, खोटं. दादाने हात काढला नाही. मी म्हणालो, "अध्यक्षबाईंना सांगायला हवं." तो म्हणाला, "उद्यापर्यंत थांब." मी विचारलं, "उद्या काय?" त्याने झाकण पुन्हा कानांवर चढवलं. मी थांबलो. का थांबलो ते मला विचारू नका. त्याची पाठ मी इतकी वाकलेली कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून व्यासपीठावर उभा होतो आणि माझी पाचावर धारण बसली होती. समोर पाहुणे, पहिल्या रांगेत आर्किटेक्टबाई मांडीवर आराखडा उघडून, हातात पेन्सिल. अध्यक्षबाई बाजूला. दादा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी. हिशेब आधीच सुरू करून ठेवला होता, म्हणजे यंत्र चांगलं तापलेलं. शेवटचे मजले पाहुण्यांच्या समोर चढायचे होते. पडद्यावर तळघर पेटलं. धूर पहिल्या मजल्यावर आला आणि मी बोलू लागलो. काय बोललो देव जाणे. दुसरा मजला. मी मागे दादाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. मी मनाशी ठरवलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत हा बोलला नाही तर मी बोलणार, मग जन्मभर याचं तोंड नाही पाहिलं तरी चालेल. धूर तिसऱ्या मजल्याच्या दारात आला. बाईंची पेन्सिल आराखड्याला टेकली. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

"थांबवा ते," मागून आवाज आला.

दादा रांगांमधून पुढे आला. इतकं हळू चालत आला की मला वाटलं तो वाटेतच बसेल. त्याने माझ्या हातातला माइक घेतला नाही, मोठ्याने बोलला. "पाहुण्यांची माफी मागतो. हे यंत्र आत्ता तुम्हाला चुकीचं उत्तर देणार होतं. सातव्या कपाटात खोट आहे. ती माझ्या धाकट्या भावाने शोधली. बाई, तुम्ही तो आकडा लिहू नका." आर्किटेक्टबाईंनी पेन्सिल उचलली. माझा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांत पाणीच आलं, वहिनी. तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या सगळ्या वर्षांच्या कामाला सगळ्यांसमोर थांबवलं होतं. अशा माणसाचा भाऊ म्हणून मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

पण माइक माझ्या हातात होता. आणि सुटकेचा आनंद असा काही चढतो की माणूस बोलत सुटतो. मी पाहुण्यांना खोट कशी सापडली ते सविस्तर सांगितलं. मग आणखी सविस्तर. सातवं कपाट थंड असताना कसं सज्जन असतं आणि तापलं की कशा थापा मारतं, हे मी नकला करून दाखवलं. पाहुणे हसले. एकजण तर खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. मला वाटलं, प्रसंग सावरतोय. मग मी दादाकडे बघितलं. तो हसत नव्हता. तो पाहुण्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होता, आणि मग दाराबाहेर गेला. चूक शोधली म्हणून तो माझ्यावर रागावला नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे. चूक त्याने स्वतःच सांगितली. त्याच्या यंत्रावर मी लोकांना हसवलं, ते त्याला लागलं.

यंत्राचं काय झालं ते सांगून पत्र आवरतो. समिती बसली. मला वाटलं होतं सगळ्यांचं भवितव्य संपलं. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं की परीक्षा घ्यायला माणसं बोलावली होती, मग परीक्षा झाली तर एवढे चेहरे का पडलेत? सातवं कपाट उघडलं. आतले एकाच खेपेत आलेले सुटे भाग बदलायचे ठरले. दादाच्या तुकडीला मुदत वाढवून मिळाली. पाहुण्यांपैकी दोघं तर म्हणाले की आपली चूक आपणच सांगणाऱ्याकडून यंत्र घ्यायला आवडेल. (हे दादापर्यंत पोचवायचं माझं धाडस झालेलं नाही. तुम्ही पोचवा.) थोडक्यात, यंत्र नापास झालेलं नाही, आजारपणाच्या रजेवर आहे. बाकीच्या कपाटांवर मी माझी इमारत पुन्हा चालवली, धूर तिसऱ्याच मजल्यावर थांबला, आणि तसं मी आर्किटेक्टबाईंना कळवून टाकलं. बाळंतिणी सुखरूप, ठेकेदार मोकळा, मी मोकळा. राहता राहिला आमच्या दोघांचा अबोला. त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. लहानपणापासून आमचे सगळे अबोले कोणी ना कोणी मोठ्या माणसाने सोडवले आहेत, आणि आता घरात मोठं माणूस तुम्हीच उरला आहात.

आईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना व्यायाम चुकवू देऊ नका. त्या तुमच्यासमोर करतात आणि तुम्ही पाठ फिरवली की थांबतात, असा माझा अंदाज आहे.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. वर लिहिलं की दादा जेवतो, झोपतो, पोट सुटलंय. हे मला इतकं नेमकं कसं माहीत, असं तुमच्या मनात आलंच असेल. तो माझ्याकडे राहतोय. प्रात्यक्षिकानंतर लगेचच एका संध्याकाळी स्वतःची उशी काखेत घेऊन आला, माझ्या पलंगावर उशी ठेवली आणि भिंतीला सांगितलं, "तिकडे फोन फार वाजतात." तेव्हापासून मी सोफ्यावर झोपतो आणि सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. तो माझ्याशी बोलत नाही, पण माझा प्रोग्राम छापून घेतलाय आणि लाल पेन घेऊन दिवसभर त्यात डोकं खुपसून बसतो. काही हवं असेल तर भिंतीला सांगतो. कालपासून मीही भिंतीलाच उत्तर देऊ लागलो आहे. वहिनी, हात जोडून विनंती करतो, आईंचा गुडघा थोडा दुमडू लागला की ताबडतोब या आणि याला घेऊन जा. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, ते बरं झालं. आज सकाळी दादा बोलला. भिंतीला नाही, मला. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या दक्षिणेकडच्या जिन्यात तिसऱ्या मजल्याचं दार उलटं उघडतंय." मी म्हणालो, शक्य नाही. त्याने लाल खूण केलेली ओळ दाखवली. वहिनी, उलटंच उघडत होतं. सगळ्या आकड्यांत एक उणेचं चिन्ह राहून गेलं होतं, आणि मी ते इतक्या वेळा तपासलं होतं की ते मला दिसेनासं झालं होतं. जुन्या संगणकावरचं उत्तर दर वेळी सारखं यायचं, कारण तो दर वेळी तीच चूक इमानाने करायचा. आम्ही दोघं तसेच, आंघोळ न करता, संस्थेत धावलो, दार सरळ केलं आणि बऱ्या कपाटांवर इमारत पुन्हा चालवली. धूर तिसऱ्या मजल्यावर थांबला नाही. चौथ्यावर गेला. आर्किटेक्टबाईंना मी तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, भिंती अजून चढलेल्या नाहीत, दार घालते. मी खाली जमिनीवर बसलो आणि दादा माझ्या शेजारी बसला. एवढं होऊन त्याला बोलायला काय सुचावं? "म्हणजे माझं सातवं कपाट बरोबर होतं." मी म्हणालो, चुकून बरोबर होतं. तो म्हणाला, "तुझ्यासारखं चुकून चूक तर नव्हतं." संस्थेपासून घरापर्यंत आम्ही यावरच भांडत आलो, आणि मध्ये एकदाही थांबलो नाही.

ता. क. ३. तेव्हा पहिल्या ता. क. मधली विनंती मागे घेतो. उत्तरेकडचे जिने अजून तपासायचे राहिलेत आणि लाल पेन त्याच्याकडे आहे. आईंच्या गुडघ्याची घाई करू नका, दुखत असेल तर आणखी थोडे दिवस राहा. फक्त त्याचे कपडे पाठवता आले तर पाठवा. तो माझे शर्ट घालतोय, आणि ते त्याला माझ्यापेक्षा बरे दिसतात असं आज गारठा सगळ्यांसमोर म्हणाला.